बाण क्रमांक नऊ

कौन्सिलच्या बैठकीत उभं राहून क्लाइव नॅनकिव्हेल "बुधवारपर्यंत देतो" असं म्हणाला, तिथेच त्याचा घात झाला. द्यायचं काय, तर एक आराखडा. कौन्सिलचं जे काम क्लाउडवर चालतं, म्हणजे दूर सिडनीत कुणाच्या तरी भाड्याच्या मशिनांवर, ते कुठून निघतं, कुठे जातं आणि शेवटी कुठे जाऊन बसतं, याचं एक चित्र आणि सोबत वीसेक पानांचा मजकूर. चार चौकोन आणि सहा बाण. क्लाइवच्या हिशेबाने दोन पेस्टी खाऊन होईपर्यंतचं काम. पेस्टी म्हणजे आत मटण-बटाटा भरलेली तळहाताएवढी करंजी, आणि क्लाइव ती सावकाश खातो, तरीसुद्धा. कोणता बुधवार हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं, एवढाच काय तो शहाणपणा.

पोर्ट हॅरोबीच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे गावच्या नगरपालिकेत, संगणक विभाग म्हणजे क्लाइव आणि क्लाइव म्हणजे संगणक विभाग. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी बढतीऐवजी त्याला एक पितळी पाटी मिळाली. पाटीवर 'सोल्यूशन आर्किटेक्ट', म्हणजे संगणकांच्या कामाची रचना आखणारा, असं कोरलेलं होतं आणि दर शुक्रवारी दुपारी तो ती बाहीने पुसायचा. आता त्या पाटीवरच गदा आली होती. ऍडलेडच्या एका कंपनीने कौन्सिलला पत्र पाठवलं होतं की तुमचा सगळा संगणक विभाग आम्ही इथे बसल्या बसल्या चालवू, तुम्ही कशाला त्रास घेता?

कौन्सिलची मुख्य अधिकारी जॅकी ब्रॉडबेंट ही कामाची बाई. तिने त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि सरळ सांगितलं, "हे बघ क्लाइव, तीन आठवड्यांनी ऑडिटर येतेय. तुझ्या डोक्यात जे आहे ते तिला कागदावर दिसलं आणि ती 'ठीक' म्हणाली, तर विभाग इथेच राहील. नाही म्हणाली तर ऍडलेड. मग मला काही करता येणार नाही."

"काळजी नको. होईल नीट."

"लिहिलेलं आहे ना सगळं?"

"जवळजवळ," क्लाइव म्हणाला. जवळजवळ म्हणजे एक जुनी वही होती. तिच्या पहिल्या तीन पानांवर पासवर्ड होते आणि पुढच्या सगळ्या पानांवर भरती-ओहोटीच्या वेळा. शिवाय कोणत्या दिवशी जेटीवर कोणता मासा लागला याची टिपणं, पण ती मात्र अत्यंत काटेकोर.

घरी त्याने बायकोला, रॉझलिनला, ही हकिगत मोठ्या ऐटीत ऐकवली. रॉझलिन शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीतली चूक तिला आधी दिसते.

"म्हणजे तू सगळं लिहून काढणार. इतकं स्वच्छ, की कुणीही वाचावं आणि चालवावं?"

"अर्थात. दस्तऐवज म्हणजे तोच."

"मग तुझी काय गरज उरली?"

क्लाइवचा काटा बशी आणि तोंड यांच्या मध्येच थांबला. या बाजूने त्याने विचारच केला नव्हता.

"आणि नाही लिहिलं तर?" त्याने विचारलं.

"तर काढतील."

"मग करू काय?"

"लिही. जायचंच असेल तर निदान व्यवस्थित लिहून जा," रॉझलिन म्हणाली आणि तिने बटाटे पुढे केले.

शेजारच्या लेस पेंगेलीचं मत निराळं होतं. लेस धान्याच्या सायलोवर, म्हणजे उंच कोठारावर, चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. सल्ला देण्यासाठी त्याने कुंपणाची एक फळी काढूनच ठेवली आहे. "खुळा आहेस का?" तो त्या फटीतून म्हणाला. "सगळं कोण लिहितं? दोन-तीन गोष्टी गाळायच्या. सायलोत धान्य वर नेणाऱ्या पट्ट्याच्या तीन कळा माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हत्या. शेवटच्या दिवसापर्यंत मला हात लावायची हिंमत नाही झाली कुणाची."

"आणि तू निवृत्त झाल्यावर?"

"पट्टा बंद पडला," लेस अभिमानाने म्हणाला. "अजून बंद आहे."

क्लाइवने रात्रभर विचार केला नाही, कारण त्याला झोप चांगली लागते. पण सकाळी त्याने लिहायचं ठरवलं. आधी सगळ्या विभागांना एक नम्र पत्र गेलं की आपण क्लाउडवर काय काय चालवता ते कळवावे. चार दिवसांत एकच उत्तर आलं, लायब्ररीकडून. त्यात विचारलं होतं, 'क्लाउडवर म्हणजे?'

तेव्हा तो स्वतःच वही घेऊन फिरला, आणि जिथे जाईल तिथे एकेक नवा चौकोन अंगावर पडायला लागला. रस्तेवाल्यांकडे तीन निघाले. पोहण्याच्या तलावाची तिकिटं एका चौकोनात, तर पाण्यातल्या क्लोरीनचं माप दुसऱ्याच, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. कॅराव्हान पार्कचं सगळं बुकिंग तिथल्या व्यवस्थापकाच्या मुलीच्या नावावर चालू होतं आणि ती मुलगी लग्न होऊन पर्थला गेली होती. सगळ्यात मोठं मशिन कुणाचं, हे शोधताना तर त्याला घाम फुटला. सबंध तालुक्याच्या नकाशांना जेवढी जागा लागत होती त्याच्या दुप्पट जागा अडवून काहीतरी बसलं होतं. दोन दिवस माग काढल्यावर कळलं की ते फुटीच्या, म्हणजे तिकडच्या फुटबॉलच्या, सामन्यात कोण जिंकणार याचे अंदाज लावायचं कर्मचाऱ्यांचं कोष्टक. ते तिथे 'फक्त या मोसमापुरतं' कुणी ठेवलं, याचा शोध घेतला तेव्हा नाव निघालं क्लाइव नॅनकिव्हेल, चार वर्षांपूर्वी. दस्तऐवजात त्याने त्याचं नाव 'समाज-सहभाग व्यासपीठ' असं लिहिलं आणि पुढचं पान उलटलं.

अशा रीतीने चार चौकोनांचे त्रेसष्ट झाले. चित्र कुठल्याही कागदावर मावेना. एवढा मोठा कागद छापणारं यंत्र फक्त रस्ते विभागाकडे, आणि तिथे अर्ज भरल्याशिवाय कागदाचं चिठोरंही मिळत नाही. अर्जात 'रस्त्याचे नाव' हा रकाना भरल्याखेरीज गाडं पुढे सरकत नव्हतं. आता क्लाउडला रस्ता कुठला? क्लाइवने आपल्याच गल्लीचं नाव टाकून दिलं. चित्र छापून आलं. मग ते भिंतीवर लावायला शिडी लागणार म्हणून 'शिडीपासून संभवणारे धोके' असा दोन पानी अर्ज भरावा लागला. त्यात 'धोका टाळण्यासाठी काय कराल' या प्रश्नाला त्याने 'पडणार नाही' असं उत्तर लिहिलं. ते नामंजूर झालं. 'एक जण शिडी धरून उभा राहील' असं लिहिल्यावर मंजूर झालं. पुढच्या सोमवारी दोन माणसं गुलाबी रंगाचे डबे घेऊन क्लाइवच्या घरासमोर आली आणि गल्लीवर खुणा करायला लागली. गल्ली रुंद करायचा प्रस्ताव आहे म्हणाली. लेस कुंपणाच्या फटीतून बघत होता.

"तुझ्या आराखड्यात माझं कुंपण येतंय का रे?" त्याने विचारलं.

या सगळ्या धामधुमीत, म्हणजे गुलाबी रंगाच्या आधीच्या शुक्रवारी, नोलीन ट्रेलोअर चित्रासमोर येऊन उभी राहिली होती. कौन्सिलच्या दारातून आत शिरलं की पहिलं काउंटर नोलीनचं. एकतीस वर्षं तिथे तीच बसते. डोक्यावर चष्मा आणि हातात चहाचा मग.

"बरंच मोठं झालंय की रे."

"त्रेसष्ट चौकोन," क्लाइव म्हणाला. "आणि बाण तर विचारूच नकोस."

नोलीनने चष्मा डोळ्यांवर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चित्र पाहिलं. "यात मी कुठे आहे?"

क्लाइव हसला. चांगल्या मनाने हसला, पण हसला. "नोलीन, यात माणसं नसतात. ही यंत्रणा आहे. माणसं येतात-जातात, यंत्रणा राहते." हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की नंतर त्याने ते पान तीनवर ठळक अक्षरांत घातलं.

"आणि हा कसला बाण?" नोलीनने एका ठिकाणी बोट ठेवलं.

"हा नववा. आपला मानाचा बाण. लोक वेबसाइटवर अर्ज भरतात ना, कुणाला हॉल हवा, कुणाला कुत्र्याचा परवाना, कुणाला दफनभूमीत जागा, ते सगळे अर्ज या बाणावरून आपोआप मुख्य नोंदवहीत जातात. एका वेळी दोघांना हॉल मिळत नाही. कुणी तारीख चुकवली तर दुरुस्त होते. मीच केलाय, सात वर्षांपूर्वी. आजवर एक तक्रार नाही."

नोलीनने बाणाकडे पाहिलं. मग क्लाइवकडे पाहिलं.

"आपोआप?"

"आपोआप."

"सोमवारपासून मी लांब रजेवर चाललेय. तेरा आठवडे. आम्ही दोघं कॅराव्हान घेऊन पर्थपर्यंत जाणार. तर म्हटलं, माझं सकाळचं काम कोण बघणार ते विचारून जावं."

"सकाळी बघायचं काय असतं? काउंटरवर लायब्ररीतली कुणीतरी येऊन बसेल. तू जा बिनधास्त."

"बरं," नोलीन म्हणाली.

असलं 'बरं' क्लाइव घरीही ऐकत आलेला आहे, आणि घरी ते ऐकलं की तो हातातलं काम टाकून उठतो. ऑफिसात मात्र तो आर्किटेक्ट होता. त्याने नोलीनला प्रवासासाठी शुभेच्छा दिल्या आणि तो पुन्हा आपल्या चौकोनांकडे वळला.

ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात गुरुवारी ऑडिटर आली. मेलिंडा क्वान. वय तिशीच्या आतलं, बोलणं मवाळ आणि पायांत चालायचे बूट. ते बूट बघूनच क्लाइवने सावध व्हायला हवं होतं. तिने सकाळभर बसून एकशे अठरा पानं वाचली. 'समाज-सहभाग व्यासपीठ' या पानावर ती थोडी रेंगाळली, मग तिनेही पान उलटलं. जेवणाच्या सुट्टीनंतर तिने पेन्सिल खाली ठेवली.

"चित्र सुंदर आहे, क्लाइव."

क्लाइवने जॅकीकडे पाहिलं. जॅकीने डोळ्यांनीच 'शाबास' म्हटलं.

"आता एकच करा," मेलिंडा म्हणाली. "यातला एक अर्ज मला पहिल्यापासून शेवटपर्यंत चालताना दाखवा. कुठलाही. हा घेऊ, आजचाच आहे. इन्स्टिट्यूट हॉल, दुपारी दोन, अर्जदार आयरिस पॉल्किंगहॉर्न."

"आनंदाने," म्हणत क्लाइवने वेबसाइटचा चौकोन उघडला. अर्ज तिथे होता, सोमवारी सकाळी भरलेला. बाईंचा नवरा बर्ट गेला होता, आज एकला दफन होतं आणि त्यानंतर हॉलमध्ये चहापान. "आता हा इथून नवव्या बाणाने नोंदवहीत गेलेला दिसेल बघा." त्याने नोंदवही उघडली. हॉलच्या आजच्या पानावर काहीच नव्हतं. त्याने पान पुन्हा उघडलं. मग संगणक बंद करून चालू केला. जगातल्या निम्म्या अडचणी यानेच सुटतात, पण ही उरलेल्या निम्म्यांतली होती.

"इथे सोमवारपासूनचे एक्केचाळीस अर्ज तसेच पडून आहेत," मेलिंडा शांतपणे म्हणाली. "आणि आजचा, त्याच हॉलसाठी, दोन वाजताचा, हा आणखी एक दिसतोय. डॅरिल नावाच्या गृहस्थांचा. कुत्र्याच्या पिल्लांचा शिस्त-वर्ग."

भिंतीवरच्या घड्याळात दोनला पाच कमी होते.

"हॉल कुठे आहे?" मेलिंडाने विचारलं आणि ती उठली. बूट त्यासाठीच होते.

इन्स्टिट्यूट हॉल समोरच, जेटीकडे जाताना. त्याची किल्ली बेकरीतल्या खिळ्यावर टांगलेली असते. ज्याला लागेल त्याने न्यावी असा रिवाज असल्यामुळे दार कधीच उघडलेलं होतं. आत एका बाजूने काळ्या कपड्यांतली साठ-सत्तर माणसं शिरत होती आणि दुसऱ्या बाजूने डॅरिल चौदा पिल्लं घेऊन. मधोमध लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर ऐंशी पेस्टी, आणि पेस्टींच्या मागे फ्रेममध्ये दिवंगत बर्ट पॉल्किंगहॉर्न, हातात लांब काठीचा फास घेऊन. बर्ट बत्तीस वर्षं कौन्सिलचा कुत्रे पकडणारा होता.

"मला मेल आलाय!" डॅरिल फोन नाचवत होता. "'आपला अर्ज मिळाला, धन्यवाद.' हा बघ!"

"मलाही आलाय," आयरिसचा भाऊ म्हणाला. "आणि आमचा माणूस गेलाय."

पुढे काय झालं याची तपशीलवार नोंद कुठल्याच दस्तऐवजात नाही. पहिल्या पिल्लाला चादरीचं टोक सापडलं. शिस्तीचा तो दुसराच तास होता आणि 'बस' हा शब्द तिसऱ्या तासाला शिकवतात. चादर आली, पेस्टी आल्या, बर्टची फ्रेमही यायला निघाली होती, पण ती क्लाइवने झेप घेऊन अधांतरी झेलली आणि स्वतः पाद्रीबुवांच्या पायाशी पालथा पडला. त्याच्या पाठीवरून निदान सहा पिल्लं गेली. उठून बसल्यावर त्याला दिसलं की ऐंशीपैकी एक पेस्टी वाचली आहे आणि ती ऑडिटरच्या हातात आहे.

क्लाइवला वाटलं, आता आयरिसबाईंच्या समोर जाऊन जमिनीत गडप व्हावं. तो बर्टची फ्रेम छातीशी धरून गेला. आयरिसबाई खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर एक तपकिरी पिल्लू, आणि त्या रडत होत्या की हसत होत्या ते कळत नव्हतं.

"आयरिस, मी काय बोलू... फार मोठी चूक झाली."

"अरे क्लाइव," आयरिसबाई म्हणाल्या, "बत्तीस वर्षांत या गावातलं एक कुत्रं त्याच्या जवळ फिरकलं नाही. आणि आज बघ. चौदा आली."

बाहेर पायरीवर मेलिंडा पेस्टी खात उभी होती. "क्लाइव," तिने विचारलं, "बाण क्रमांक नऊ नेमका कुठे आहे?"

त्या क्षणी क्लाइवला नोलीनचं ते 'बरं' आठवलं. ते ऐकू यायला सहा दिवस लागले होते. त्याने फोन लावला. पलीकडून वारा आणि अवजड ट्रकचे आवाज यायला लागले तेव्हा त्याने घाबरून फोनचा आवाज वाढवला, त्यामुळे पुढचं सगळं मेलिंडालाही ऐकू गेलं.

"नोलीन, बाण नऊ बंद पडलाय!"

"बंद नाही पडला," नोलीन म्हणाली. "तो पर्थच्या रस्त्याला, सेदूनाच्या पुढे पेट्रोल भरतोय."

क्लाइव पायरीवर बसला.

"तुझा तो प्रोग्राम दोन महिने चालला रे. मग थांबला. मी तुला सांगायला आले तेव्हा तू टेबलावर गळाचा दोरा सोडवत बसला होतास. 'बघतो' म्हणालास. म्हटलं, हा बघेपर्यंत लोकांचं अडायला नको, म्हणून मी हाताने टाकायला लागले. सकाळी सात ते साडेआठ, चहाबरोबर."

"सात वर्षं?"

"तू बघतोयस ना अजून?" नोलीनने विचारलं. तेवढ्यात एक ट्रक गेला आणि फोन कट झाला.

मेलिंडाने हात पुसले. "सोमवारी दुपारी बारापर्यंत मला या बाणाबद्दल लेखी हवंय. जे असेल ते. अहवाल मी त्यावरच लिहीन."

ऑफिसात परतल्यावर जॅकीने दार लावून घेतलं. "दोन ओळी लिही," ती म्हणाली. "'तात्पुरता बिघाड झाला होता, दुरुस्त केला.' मी सही करते. खरं लिहिलंस तर ती विचारणार की सात वर्षं आर्किटेक्ट काय करत होता. मग तू पण गेलास आणि मी पण तोंडघशी. नंतर सावकाश करू खरंच दुरुस्त. होईल नीट."

आयुष्यभर क्लाइवने लोकांना जे सांगितलं, तेच आज त्याला कुणीतरी सांगत होतं, आणि ऐकायला ते मुळीच बरं वाटलं नाही. तरी त्याने दोन ओळी लिहिल्या. दिसायला नीटनेटक्या होत्या. लेसला त्या कुंपणाच्या फटीतून वाचून दाखवल्या तेव्हा तो म्हणाला, "झकास. मी असतो तर एकच लिहिली असती."

पण एक्केचाळीस अर्ज तर पडूनच होते, आणि रविवारी कुणाला दफनभूमीत आयत्या वेळी जागा कमी पडली असती तर ते चालण्यासारखं नव्हतं. शुक्रवारी सकाळी सात वाजता क्लाइव नोलीनच्या खुर्चीत बसला. या पानावरचं त्या पानावर टाकायचं, अर्धा तास पुरे, असा त्याचा अंदाज होता. अंदाजांच्या बाबतीत तो कसा आहे हे आपण पाहिलंच आहे. पहिल्याच अर्जात श्रीमती नॉर्मा वेस्टने आपल्या कुत्र्याचा परवाना मागितला होता. नोंदवहीप्रमाणे कुत्रं तीन वर्षांपूर्वी मेलेलं. क्लाइवने नोलीनला निरोप पाठवला. दहा मिनिटांनी सिग्नल मिळाल्यावर उत्तर आलं, 'नॉर्मा दर वर्षी भरते. नाकारायचा नाही. फोन करायचा, पाच मिनिटं बोलायचं, अर्ज ती स्वतःच मागे घेते.' क्लाइवने फोन केला. पाच मिनिटांची पंचवीस झाली, पण अर्ज मागे घेतला गेला. दुसऱ्या एकाने हॉल पंधरा तारखेला मागितला होता. नोलीन म्हणे, तो कायम एक दिवस पुढचा लिहितो, चौदाच धरायची. कुठल्या दोन भावांना कॅराव्हान पार्कात शेजारची जागा द्यायची नाही, कुणाच्या अर्जात रागावलेली भाषा असली तरी मनावर घ्यायचं नाही कारण त्याचे गुडघे दुखतात, आणि दफन असेल त्या आठवड्यात डॅरिलला सोमवारीच फोन करून पिल्लं मैदानावर पाठवायची, हेही तिनेच कळवलं.

साडेआठला लायब्ररीतल्या बाई काउंटरवर आल्या तेव्हा क्लाइवचे चार अर्ज झाले होते आणि चहा निवला होता.

खुर्चीत बसल्या बसल्या त्याला समोरच्या भिंतीवरचं आपलं चित्र दिसत होतं. त्रेसष्ट चौकोन. पान तीनवरचं ते ठळक वाक्य त्याला आठवलं आणि कानशिलं तापली. नोलीन येऊन 'यात मी कुठे आहे' असं विचारून गेली होती, आणि हा हसला होता. त्याला लाज वाटली, खरीखुरी, पाटी-बिटी सगळं विसरायला लावणारी. त्याने त्या दोन ओळी पुसल्या आणि लिहायला घेतलं, 'बाण क्रमांक नऊ म्हणजे नोलीन ट्रेलोअर, वय त्रेसष्ट. तो यंत्राने चालत नाही. तो यंत्राने चालतो असे सात वर्षे समजत राहणे ही माझी चूक.' पुढे तो बाण काय काय करतो ते लिहीत गेला. सेदूनापासून नलार्बोरच्या ओसाड माळापर्यंत जिथे जिथे सिग्नल मिळाला तिथून नोलीन सांगत राहिली. एका बाणाची अकरा पानं झाली. पान तीनवरचं वाक्य त्याने काढून टाकलं.

सोमवारी जॅकीने ती पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाली, "चल, सही करते," आणि केली.

मेलिंडाचा अहवाल दोन आठवड्यांनी आला. त्यात 'ठीक' नव्हतं आणि 'नाही'ही नव्हतं. त्रेसष्ट चौकोन कुणीही चालवू शकेल, असं तिने लिहिलं होतं. क्लाइवने हे वाक्य तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ते तेवढंच लागलं. 'मात्र बाण नऊची अकरा पाने कंपनीला दाखवून, हे काम तुम्ही कसे कराल, असे विचारावे.'

ऍडलेडच्या कंपनीने दोन माणसं पाठवली. पुढच्या बैठकीत ती कौन्सिलरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली की सगळं घेऊ, फक्त नववा बाण सोडून. तो आमच्या पद्धतीत बसत नाही. त्याऐवजी नागरिकांना वेबसाइटवर 'माझी माहिती बरोबर आहे' अशी खूण करायला लावू.

एक वयस्कर कौन्सिलर उठले. त्यांच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये होतं. "ते सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण डॅरिलला फोन कोण करणार?"

कंपनीच्या माणसांनी आपले कागद चाळले. त्यांना डॅरिल माहीत नव्हता. विभाग पोर्ट हॅरोबीतच राहिला. ठरावात कारण असं नोंदलं गेलं की नोलीन येईपर्यंत हे काम जमणारा गावात एकच इसम आहे. आर्किटेक्ट हा शब्द ठरावात कुठेही नव्हता. क्लाइवने ठरावाची प्रत घरी नेली.

"बघ, लिहिलंस म्हणून राहिलास," रॉझलिन म्हणाली.

"कारकून म्हणून राहिलो."

"राहिलास ना? बटाटे घे."

गुलाबी खुणा मात्र अजून गल्लीत आहेत. त्या पुसायच्या तर रस्त्याच्या नावाने नवा अर्ज भरावा लागतो. लेसने खबरदारी म्हणून कुंपणाच्या आणखी दोन फळ्या काढून आत ठेवल्या आहेत.

तेरा आठवड्यांनी, सोमवारी सकाळी सातला, नोलीन आली. उन्हाने रापलेली, हातात तोच मग. तिच्या खुर्चीत क्लाइव बसला होता, कानाला फोन. "हो नॉर्मा... नाही नॉर्मा... खरंच गुणी कुत्रं होतं ते," असं चाललं होतं. फोन ठेवून तो गडबडीने उठला. बोलायचं बरंच ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "नोलीन, मी तेव्हा हसलो ना... चुकलं माझं."

"बरं," नोलीन म्हणाली. हे 'बरं' निराळं होतं, हे आता त्याला कळलं.

ती भिंतीशी गेली. चित्र नवं होतं. नवव्या बाणाच्या जागी एक चौकोन होता, बाकी सगळ्यांपेक्षा मोठा, आणि त्यात तिचं नाव. खाली बारीक अक्षरांत, 'रजेच्या काळात क्लाइव नॅनकिव्हेल, नोलीनच्या दुप्पट वेळात.' नोलीनने चष्मा खाली घेऊन ते सगळं वाचलं, सावकाश, दोनदा.

"एक राहिलंय," ती म्हणाली. "माझा चहा. त्याशिवाय यातलं काही चालत नाही."

"बघत..." क्लाइवच्या तोंडून निघालं आणि तो तिथेच थांबला. मग त्याने शिडी आणली, अर्ज न भरताच. नोलीनने ती धरली. त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि तिच्या नावाशेजारी एक कप काढला.

"कान राहिला," नोलीन खालून म्हणाली. त्याने कपाला कान काढला.